पुंगळी अडकली तर थांबा: रिव्हॉल्व्हरमधला जादा दाब कसा ओळखायचा

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या सहा गोळ्या झाडून झाल्या. त्याने सिलिंडर, म्हणजे सहा काडतुसं धरणारा फिरता दंडगोल, बाजूला काढला, नळी आभाळाकडे केली आणि अंगठ्याने दांडा दाबला. एरवी सहाच्या सहा पुंगळ्या खळकन टेबलावर पडतात. त्या दिवशी दांडा अर्ध्यावरच अडला. अंगठा दुखेपर्यंत दाबून झालं, मग तळहाताने दोन ठोके बसले, तेव्हा कुठे पुंगळ्या निघाल्या. त्याने त्यातली एक उचलली, तिचं बूड आणि त्याच्या मधोमध बसवलेली प्रायमर नावाची वाटी उजेडात धरून निरखली आणि म्हणाला, "प्रायमर तर छान गोल आहे, म्हणजे सगळं ठीक आहे." मग पुढच्या सहा भरायला त्याने डबीत हात घातला.

हा लेख त्या पुढच्या सहांसाठी आहे.

पुंगळी हा शब्द आपल्याला बातम्यांतून ओळखीचा झालेला असतो, 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' एवढ्यापुरता. पण नेमबाजी करणाऱ्यासाठी, आणि विशेषतः स्वतः काडतुसं भरणाऱ्यासाठी, प्रत्येक पुंगळी म्हणजे नुकत्याच होऊन गेलेल्या स्फोटाचा कागद असतो. तो वाचता आला तर वेळेवर थांबता येतं. अडचण अशी की तो कागद अपुरा असतो. त्यावर खूण दिसली तर धोका आहे असं समजून थांबावं, पण खूण नाही म्हणून धोका नाही, असं कधीही समजू नये. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत तर नाहीच नाही. असं का, ते समजून घेण्यासाठी आधी काडतुसाच्या आत काय चालतं ते पाहू.

आत काय घडतं?

काडतुसाचे चार भाग. पितळेची नळकांडी, म्हणजे पुंगळी. तिच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी. मध्ये दारू. आणि बुडाच्या मधोमध असलेल्या खळग्यात बसवलेली एक इवलीशी धातूची वाटी, तिला प्रायमर म्हणतात. चाप ओढला की पिन प्रायमरवर आपटते, त्यातलं रसायन पेट घेतं, एका बारीक छिद्रातून ज्वाला आत शिरते आणि दारू पेटते. रिव्हॉल्व्हरमध्ये हे सगळं सिलिंडरच्या एका भोकात घडतं, त्या भोकाला चेंबर म्हणायचं. पुंगळीच्या बुडाला टेकायला मागे फ्रेमची, म्हणजे बंदुकीच्या सांगाड्याची, पोलादी भिंत असते. पुढे ही 'मागची भिंत' वारंवार येईल.

दारू पेटली की वायू तयार होतो, वायूला जागा हवी असते, आणि गोळी पुढे सरकेपर्यंत जागा मिळत नाही. त्यामुळे एका मिलिसेकंदाच्या आत दाब शिखर गाठतो आणि ओसरतोही. बिनधुराच्या दारूचा एक गुण इथे लक्षात ठेवायला हवा. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून दारू दहा टक्के जास्त पडली तर दाबही दहाच टक्के वाढेल, हा हिशेब इथे चालत नाही. गोळीचा वेग थोडासा वाढतो, दाब मात्र त्याच्या कितीतरी पुढे निघून जातो.

हा दाब असतो तरी किती?

दाब मोजायचं रूढ एकक पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर किती पौंड. मोटारीच्या टायरमध्ये तीसएक पीएसआय हवा असते, प्रेशर कुकरची शिट्टी साधारण पंधराला वाजते. अमेरिकेतली सामी ही संस्था १९२६ पासून काडतुसांची मानकं ठरवते. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांच्या काही प्रकारांसाठी तिच्या मर्यादा अशा: .४५ कोल्टला १४,०००, .३८ स्पेशलला १७,०००, .३८ स्पेशलच्याच जोरदार प्रकाराला, ज्याला प्लस पी म्हणतात, २०,०००, .३५७ मॅग्नमला ३५,००० आणि .४४ मॅग्नमला ३६,००० पीएसआय. म्हणजे .३५७ च्या चेंबरमध्ये क्षणभर टायरच्या हजार पट दाब असतो. पुंगळीच्या बुडाच्या आतल्या क्षेत्रफळाने गुणून पाहिलं तर मागच्या भिंतीकडे रेटणारा जोर दीड टनाच्या आसपास भरतो. आणि हे सगळं हातभर अंतरावर, डोळ्यांच्या रेषेत.

युरोपात सीआयपी नावाची संस्था हेच काम करते, आणि तिची मोजायची पद्धत वेगळी असल्यामुळे आकडेही वेगळे पडतात. एका संस्थेच्या तक्त्यातला आकडा दुसरीच्या तक्त्याशी ताडून पाहू नये.

पुंगळी अडकते कशाने?

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच खूण, म्हणून इथे थोडं थांबू.

पितळ लवचीक असतं. काडतूस चेंबरमध्ये सहज सरकावं म्हणून दोहोंत केसभर फट ठेवलेली असते. स्फोट झाला की पुंगळी फुग्यासारखी फुगते, चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे येण्याची वाट बंद करते. दाब ओसरला की पितळ किंचित आक्रसतं, पुन्हा फट तयार होते आणि पुंगळी सुटते. काडतुसासाठी पितळ निवडलं गेलं ते या आक्रसण्यासाठीच. साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असं हे मिश्रण फुगायला तयार असतं आणि थोडंफार माघारीही येतं.

आता दाब जास्त झाला असं धरू. पोलादी चेंबरसुद्धा दगडासारखं अचल नसतं, तेही दाबाखाली बाहेर ताणलं जातं. पितळ त्याच्या मागोमाग जातं. पण तोवर पितळाची ताणून परत येण्याची हद्द ओलांडली गेलेली असते, त्यामुळे ते बरंचसं तिथेच, नव्या मोठ्या मापाचं होऊन बसतं. पोलाद मात्र आपल्या मूळ मापाला परत येतं. बोटात सैल असलेली अंगठी बोट सुजल्यावर रुतते, तसं होतं. बोट म्हणजे पितळ आणि अंगठी म्हणजे चेंबर. आता पुंगळी सुटत नाही, तिला ठोकून काढावी लागते.

दांड्याला लागलेला तो जादा जोर म्हणजे पितळाने हद्द ओलांडल्याची आणि पोलाद नेहमीपेक्षा जास्त ताणलं गेल्याची पावती असते. भिंगातून प्रायमर पाहण्यापेक्षा ही खूण मला जास्त विश्वासाची वाटते, कारण तिचा संबंध थेट चेंबरच्या ताणाशी आहे. ज्या जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळ्या एकेक करून बाहेर ढकलाव्या लागतात, तिथे तर हे आणखी नीट कळतं. प्रत्येक पुंगळी किती जोराने निघाली, ते बोट वेगवेगळं सांगतं. सहा एकदम निघणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकच अडकली तरी सगळा दांडा अडतो, आणि दोषी कोण ते शोधावं लागतं.

प्रायमर काय म्हणतो?

नव्या प्रायमरची कड गोलसर असते आणि त्या गोलाईभोवती बारीकशी खाच दिसते. गोळी झाडली जाते तेव्हा आधी प्रायमर मागे सरकून मागच्या भिंतीला टेकतो. मग दारूचा दाब संपूर्ण पुंगळीला मागे रेटतो आणि प्रायमर पुन्हा आपल्या खळग्यात जाऊन बसतो. दाब योग्य असेल तर ती गोलाई शिल्लक राहते. दाब वाढत गेला की प्रायमर पसरट होतो, खाच बुजते, आणि शेवटी बूड आणि प्रायमर मिळून एकच सपाट चकती असल्यासारखं दिसतं. पिनच्या खड्ड्याभोवती ज्वालामुखीच्या तोंडासारखी कड उभी राहते, कारण प्रायमरचं मऊ धातू पिनच्या भोकात शिरलेलं असतं. त्याहीपुढे गेलं तर प्रायमरला छिद्र पडतं आणि वायू मागे फुटतो, भोवती काळं वर्तुळ उमटतं. छिद्र पडलेला प्रायमर दिसला तर वाद घालायला जागाच नाही. त्या दिवसाचा नेम तिथेच संपवायचा.

हे सगळं पुस्तकात दिलेलं असतं आणि ते खरंही आहे. तरीही मी प्रायमरवर विसंबू नका म्हणतो. त्याचं कारण असं.

.३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या दोन्ही काडतुसांत एकाच मापाचा लहान पिस्तुली प्रायमर बसतो. एकाची मर्यादा १७,०००, दुसऱ्याची ३५,०००. जो प्रायमर ३५,००० झेलूनही गोल राहतो, तो १७,००० च्या काडतुसात ३०,००० झाले तरी कशाला पसरेल? त्याच्या दृष्टीने काही घडलेलंच नसतं. पण ते रिव्हॉल्व्हर हलक्या फ्रेमचं, फक्त .३८ साठी घडवलेलं असेल, तर त्याच्यावर ठरलेल्या मर्यादेच्या पावणेदोन पट भार येऊन गेलेला असतो. .४५ कोल्टची स्थिती याहून वाईट. त्याची मर्यादा १४,०००, आणि त्यात बसणारा मोठा पिस्तुली प्रायमर .४४ मॅग्नमचे ३६,००० सहन करतो. प्रायमर ओरडायला लागेल तोवर बंदुकीची सहनशक्ती कधीच संपलेली असू शकते.

पितळालाही हेच लागू पडतं. पुंगळी अडकणं ही खूण चांगली खरी, पण ती .३५७ किंवा .४४ सारख्या मॅग्नम काडतुसांत, जिथे मर्यादा पितळाच्या सहनशक्तीच्या जवळ असते. कमी दाबाच्या जुन्या काडतुसांत पितळ आणि प्रायमर दोन्ही बंदुकीपेक्षा मजबूत ठरू शकतात. घरात फ्यूज विजेच्या तारेपेक्षा जाड बसवला तर फ्यूज शाबूत राहतो आणि तार जळते, तसलाच हा प्रकार.

बंदुका बनवणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९३० मध्ये स्मिथ अँड वेसनने मोठ्या, जाड फ्रेमवर .३८ स्पेशलचं एक रिव्हॉल्व्हर आणलं आणि त्याच्यासाठी .३८-४४ नावाची जोरदार काडतुसं निघाली. ती बाहेरून साध्या .३८ च्याच मापाची होती, म्हणजे कुणी हलक्या, जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घातली तरी सहज बसणारी. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं तेव्हा त्याची पुंगळी मुद्दाम सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब केली गेली. दारूला जागा हवी म्हणून ती लांबी वाढवलेली नव्हती. .३८ च्या चेंबरमध्ये हे काडतूस बसूच नये, एवढ्यासाठी ती वाढवली होती.

"पण माझी बंदूक तर फुटली नाही"

हा आक्षेप हमखास येतो, आणि त्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. प्रत्येक बंदुकीत थोडी राखीव ताकद ठेवलेली असते. सीआयपीच्या नियमाप्रमाणे पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर विक्रीआधी तपासली जातात ती नेहमीच्या मर्यादेपेक्षा ३० टक्के जास्त दाबाच्या काडतुसांनी. मग आपली पाच-दहा टक्क्यांची आगळीक का चालू नये?

कारण ती चाचणी अगदी मोजक्या गोळ्यांची असते, आणि आपण शेकड्यांनी झाडतो. लोखंडी तार एकदा वाकवून सरळ केली तर काही होत नाही, पण तीच वीस वेळा वाकवली की हातात दोन तुकडे येतात. चेंबरच्या भिंतीचं तसंच. प्रत्येक जादा ताण आपली सूक्ष्म रेघ मागे ठेवून जातो. फ्रेम किंचित ताणली जाते, सिलिंडर पुढे-मागे हलू लागतो, नळी आणि सिलिंडर यांच्यामधली फट वाढते. शेवटच्या दिवशी झाडलेलं काडतूस बिचारं निर्दोषही असू शकतं.

आणि फुटतं तेव्हा सहसा कसं फुटतं, तेही ठाऊक असावं. सिलिंडरमध्ये चेंबर शेजारी-शेजारी असतात आणि त्यांच्यामधली भिंत पातळ असते. वरचं चेंबर फुटताना शेजारच्या दोन्हींचे कठडे घेऊन जातं आणि फ्रेमची वरची पट्टी धनुष्यासारखी वाकते किंवा तुटते. उजव्या-डाव्या बाजूला उभ्या माणसांना तुकडे लागतात ते यामुळेच.

अमेरिकेतले एल्मर कीथ हे नेमबाज १९२० च्या दशकात .४५ कोल्टमध्ये जोरदार काडतुसं भरून पाहत होते आणि त्यांच्या हातात रिव्हॉल्व्हर फुटलं. त्यानंतर ते .४४ स्पेशलकडे वळले. कारण अगदी साधं होतं. सिलिंडर तेवढाच, पण भोक थोडं लहान, म्हणजे भिंत थोडी जाड. त्या वाटेवरूनच पुढे १९५५ मध्ये .४४ मॅग्नम आलं. भिंतीची जाडी आणि दाब यांच्यातलं नातं असं मिलिमीटरच्या अंशांत ठरतं. पुंगळी ते सांगू शकत नाही, कारण भिंत किती जाड आहे हे तिला कळायचा मार्गच नाही.

दिसायला भयंकर, पण दाबाशी संबंध नसलेल्या खुणा

काही खुणा उगाच घाबरवतात. पुंगळीच्या बाहेरून काजळी धरली असेल तर नवखा माणूस म्हणतो, फार जोरात उडालं. खरं तर उलट. दाब कमी असला की पुंगळी पुरेशी फुगत नाही, चेंबरला चिकटत नाही, आणि काळा वायू तिच्या अंगावरून मागे येतो. प्रायमर बुडातून बाहेर डोकावत असेल तर तेही बहुधा कमी दाबाचंच लक्षण. मघाशी सांगितलं तसा प्रायमर मागे सरकला, पण पुंगळीला मागे रेटून त्याला परत बसवायला पुरेसा जोर मिळाला नाही. असा बाहेर आलेला प्रायमर मागच्या भिंतीला घासतो आणि सिलिंडर फिरायला जड होतो. माणूस समजतो दाब वाढला, दारू कमी करतो, आणि प्रायमर आणखीच बाहेर येऊ लागतो.

तोंडापासून खाली उभी चीर गेली असेल तर आधी ती पुंगळी कितव्यांदा भरली होती ते विचारावं. दर वेळी तोंड रुंद करायचं, गोळी बसवायची, पुन्हा तोंड आवळायचं, असं करून पितळ कडक आणि ठिसूळ होतं. ही वयाची चीर. पितळाला चिरा पडण्याचं एक जुनं कोडं तर आपल्याच देशातलं आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवून ठेवली की न झाडताच तडकायची. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळ घडवताना त्यात कोंडून राहिलेला ताण, या दोन गोष्टी मिळून हे घडत होतं, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. इंग्रजीत त्या तडकण्याला आजही ऋतूचंच नाव आहे. तेव्हा अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळ्या चमकवू नयेत.

प्रायमर सपाट होण्यालाही दुसरी कारणं असतात. पुंगळीचं बूड आणि मागची भिंत यांच्यात जागा जास्त असेल तर प्रायमर बाहेर येतो, त्याची कड छत्रीसारखी पसरते आणि मग पुंगळी मागे येऊन त्याला चेपते. दाब साधाच, पण चेहरा अतिदाबाचा. चेंबरमध्ये तेल राहिलं असेल तर पुंगळीची पकड सुटते आणि ती मागे जास्त जोराने आदळते, म्हणून तसंच दिसतं. पिनचं भोक मोठं झालेलं असेल तर खड्ड्याभोवतीची कड साध्या काडतुसातही उभी राहते. शिवाय एका कारखान्याच्या प्रायमरची वाटी मऊ, तर दुसऱ्याची कडक. म्हणून तुलना करायची तर त्याच बंदुकीतून झाडलेल्या, त्याच प्रायमरच्या कारखानी काडतुसाशी करावी. कुठल्यातरी फोटोशी करू नये.

मग घरी काही मोजता येतं का?

प्रयोगशाळेत दाब कसा मोजतात हे कळलं की घरच्या मर्यादा कळतात. १८६० च्या दशकात अँड्र्यू नोबल यांनी तोफांसाठी एक युक्ती वापरली. चेंबरला एक भोक, त्यात दट्ट्या, दट्ट्यावर तांब्याचा छोटा दंडगोल. स्फोटानंतर तांबं किती चेपलं ते मोजायचं. ही पद्धत शंभर वर्षांहून जास्त चालली. आता दाबाखाली विद्युतभार देणारे स्फटिक वापरतात आणि दाब कसा चढला-उतरला त्याचा पूर्ण आलेख मिळतो. लक्षात घ्या, पुंगळी पाहणं हेही चेपलेलं धातू वाचणंच आहे. फरक एवढाच की नोबल यांचं तांबं एकसारखं होतं आणि किती दाबाला ते किती चेपतं हे आधी तपासलेलं होतं. आपल्या पुंगळीचं पितळ किती कडक, किती जाड, कितव्यांदा वापरलेलं, हे काहीच ठरलेलं नसतं.

काही जण पुंगळीच्या बुडाजवळचा घेर मायक्रोमीटरने मोजतात. रायफलच्या काडतुसांत याला थोडा अर्थ असतो. रिव्हॉल्व्हरच्या दाबाला बुडाजवळचं जाड पितळ फारसं हलतच नाही, आणि जे हलतं ते चेंबरच्या मापावर अवलंबून असतं. मी त्यावर वेळ घालवत नाही.

त्यापेक्षा गोळीचा वेग मोजणारं यंत्र, म्हणजे क्रोनोग्राफ, जास्त खरं बोलतं. दारू तीच, गोळी तीच, नळी तेवढ्याच लांबीची, आणि तरीही वेग काडतुसं भरण्याच्या पुस्तकात दिलेल्या कमाल वेगापेक्षा जास्त येत असेल, तर तो जादा वेग जादा दाबातूनच आलेला असणार. वेग फुकट मिळत नाही. यातही एक ध्यानात ठेवावं. रिव्हॉल्व्हरमध्ये नळी आणि सिलिंडरमधल्या फटीतून वायू निसटतो आणि दोन सारख्या बंदुकांत वेग वेगवेगळा येतो. त्यामुळे वेग कमी आला म्हणून 'अजून थोडी दारू चालेल' असा उलटा अर्थ काढायचा नाही.

दाब वाढतो तरी कशाने?

सगळ्यात घातक चूक म्हणजे दारू दोनदा पडणं. .३८ स्पेशल हे १८९० च्या दशकाच्या अखेरचं काडतूस, काळ्या दारूच्या काळात मापलेलं, म्हणून त्याची पुंगळी ऐसपैस. आजची वेगाने जळणारी दारू तिच्या तळाशी जेमतेम दिसेल इतकीच लागते. तेव्हा दुप्पट पडली तरी पुंगळी भरून वाहत नाही, गोळी आरामात बसते आणि बाहेरून काहीही कळत नाही. काट्यावर काडतूस तोलूनही भरवसा नाही, कारण दारू असते पाव ग्रॅमच्या आसपास, आणि गोळ्या नि पुंगळ्या यांच्या वजनातला फरकच त्याला झाकून टाकू शकतो. यावर एकच उपाय मला माहीत आहे. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिवा धरून डोळ्याने पाहायचं. पन्नासातली प्रत्येक.

बाकी कारणं थोडक्यात. गोळी जरुरीपेक्षा खोल बसली तर आतली जागा घटते आणि दाब चढतो. गोळी जास्त जड, दारू दुसऱ्याच डब्यातली, साध्याऐवजी मॅग्नम प्रायमर, उन्हात तापलेली काडतुसं, हीही नेहमीची कारणं. "मग कमी दारू घालावी, म्हणजे झालं" असंही नाही. काही सावकाश जळणाऱ्या दारू ठरल्यापेक्षा कमी घालायला त्यांचे उत्पादकच मनाई करतात, कारण त्या नीट पेटत नाहीत. अशा वेळी धडाक्याऐवजी नुसतं फुस्स होतं आणि गोळी नळीत अडकून राहते. तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी कड्यासारखी फुगते. आवाज फुसका आला की बोट चापावरून काढायचं आणि नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. बंदूक रिकामी करूनच नळीत पाहायचं, हे वेगळं सांगायला नको.

दोष काडतुसाचा की चेंबरचा?

आता पुन्हा त्या शेजारच्या टेबलाकडे. त्याने डबीतून काढलेली सहा काडतुसं मी त्याला परत ठेवायला लावली आणि आम्ही एक साधी गोष्ट केली. सिलिंडरच्या एका चेंबरपाशी मार्करने ठिपका दिला, तो पहिला. तिथून पुढे क्रमाने मोजायचं आणि पुंगळ्याही त्याच क्रमाने टेबलावर उभ्या करायच्या. एकाच चेंबरची पुंगळी दर फेरीला अडकत असेल तर दोष त्या चेंबरचा, तिथे ओरखडा, गंज किंवा फुगवटा असणार. वेगवेगळ्या चेंबरमधल्या अडकत असतील तर संशय काडतुसांवर.

पुंगळीवरून बोट फिरवून पाहायची एक जागा तर अगदी ठरलेली आहे. सिलिंडर जागच्या जागी थांबावा म्हणून त्याच्या बाहेरच्या अंगाला प्रत्येक चेंबरमागे एक खाच असते. सहा चेंबरच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ही खाच नेमकी चेंबरच्या डोक्यावर येते, म्हणजे भिंत तिथे सर्वांत पातळ. पुंगळीवर त्याच उंचीला, एकाच बाजूला, मसुराच्या डाळीएवढा उंचवटा नखाला लागला तर चेंबर तिथे बाहेर आलेलं असतं. अशा वेळी काडतुसं तपासत बसू नये. ते रिव्हॉल्व्हर त्या क्षणापासून बंद आणि बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे. त्याच्याकडे सोबत त्या पुंगळ्याही द्याव्यात, पुसून नव्हे, आहेत तशा.

त्या दिवशी असा उंचवटा नव्हता. सहाही पुंगळ्या सारख्याच अडकल्या होत्या आणि .३५७ ची ती काडतुसं कारखान्याची, सीलबंद डबीतली. मग मी विचारलं, याआधी यात काय झाडत होता? तो म्हणाला, दोन महिने .३८ स्पेशल, स्वस्त पडतात म्हणून. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ झाडता येतात, त्यात चूक काही नाही. पण .३८ ची पुंगळी आखूड, तिचं तोंड जिथे संपतं तिथे दर गोळीमागे काजळी आणि शिसं यांचं कडं जमत जातं. नंतर लांब .३५७ घातलं की त्याचं तोंड त्या कड्यात रुतून बसतं. पुंगळी बाहेर काढायला जड जाते हे तर झालंच, पण गोळी सोडताना तोंडाला उघडायला जागा न मिळाल्याने दाबही वाढू शकतो. म्हणजे खूण खरी होती, फक्त तिचा उगम डबीत नव्हता.

रिकामा सिलिंडर दिव्यासमोर धरला तेव्हा ते कडं स्पष्ट दिसलं, सहाही चेंबरमध्ये, एकाच खोलीवर, काळं आणि चकचकीत. पितळी ब्रश आणि विरघळवणारं द्रावण घेऊन ते काढायला अर्धा तास लागला. मग त्याच डबीतली सहा भरली, झाडली, नळी वर केली, दांडा दाबला. सहाही खळकन पडल्या.